भारतात जन्मलेलं बाळ, अमेरिकन आई किंवा बाबा: नागरिकत्वाचे कागद कोणत्या क्रमाने काढायचे

बाळंतपण पुण्याला माहेरी झालं, आई किंवा बाबा अमेरिकन नागरिक आहेत आणि दोन महिन्यांनंतरची परतीची तिकिटं आधीच काढून ठेवली आहेत. अशा घरात गडबड होते ती बहुधा क्रमामुळे. जन्मदाखल्यावरचं नाव पक्कं नसताना अमेरिकन कॉन्सुलेटचा (वकिलातीचा) अर्ज भरला जातो. भारतीय पासपोर्ट ‘हाताशी असू दे’ म्हणून काढला जातो. बाळाला देशाबाहेर न्यायला वेगळी परवानगी लागते, हे तर बऱ्याचदा विमानतळावरच कळतं.

आधी एक शब्द नीट समजून घ्या. ‘दुहेरी नागरिकत्व’ अमेरिकेला चालतं, भारताला चालत नाही. भारतीय संविधानाचं कलम 9 आणि 1955 चा नागरिकत्व कायदा याबाबत स्पष्ट आहेत. ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं, पण ते नागरिकत्व नाही. त्यावर भारतात कायम येता-जाता, राहता येतं, पण मतदान करता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. नातेवाइकांत कोणी ओसीआयला दुहेरी नागरिकत्व म्हणत असेल तर बोलण्यापुरतं ठीक. अर्जात तसं लिहू नका.

## 1. बाळ अमेरिकन ठरतं का, हे गरोदरपणातच पाहा

कॉन्सुलेट बाळाला नागरिकत्व ‘देत’ नाही. बाळ जन्मतःच नागरिक असतं किंवा नसतं, कॉन्सुलेट फक्त नोंद करून कागद देतं. म्हणून पात्रतेचा हिशोब बाळाच्या जन्मतारखेला थांबतो. आई-बाबांनी नंतर अमेरिकेत कितीही वर्षं काढली, तरी ती या हिशोबात धरली जात नाहीत.

आई-बाबा दोघंही अमेरिकन नागरिक, विवाहित: बाळाच्या जन्माआधी दोघांपैकी एकाचं अमेरिकेत वास्तव्य झालेलं असलं की पुरे. किमान वर्षांची अट नाही. मात्र वास्तव्य म्हणजे तिथे घर करून राहणं. पंधरा दिवसांची सहल त्यात बसत नाही.

एक अमेरिकन, दुसरा नाही, विवाहित: अमेरिकन पालक जन्माआधी एकूण 5 वर्षं प्रत्यक्ष अमेरिकेत राहिलेला हवा, आणि त्यांतली किमान 2 वर्षं वयाच्या 14 व्या वाढदिवसानंतरची हवीत.

अविवाहित पालक: वडील अमेरिकन असतील तर हाच 5 आणि 2 वर्षांचा हिशोब, शिवाय रक्ताच्या नात्याचा पुरावा, पितृत्वाची कायदेशीर कबुली आणि 18 वर्षांपर्यंत पालनपोषणाची लेखी हमी. आई अमेरिकन असेल तर 12 जून 2017 पासूनच्या जन्मांना तिलाही तोच हिशोब लागतो.

नागरिकत्व मिळण्याआधीची वर्षं या 5 वर्षांत मोजतात का? मोजतात. विद्यार्थी व्हिसा, एच-1बी (नोकरीचा व्हिसा), एच-4 (एच-1बीवाल्याच्या कुटुंबाचा व्हिसा), ग्रीन कार्ड या सगळ्या काळातले अमेरिकेतले दिवस धरले जातात. धरले जात नाहीत ते तिथून बाहेर काढलेले दिवस. दिवाळीला तीन आठवडे पुण्यात होतात, तर ते तीन आठवडे वजा. सोळा-सतरा वर्षं तिकडे काढून नागरिक झालेल्यांना ही अट जाणवतही नाही.

ती अडवते जन्माने अमेरिकन पण वाढ पुण्यात, अशा पिढीला. हे उदाहरण बघा. मुलगा न्यू जर्सीत जन्मला, चार वर्षांचा असताना आई-बाबांबरोबर कोथरूडला आला. शाळा, इंजिनिअरिंग सगळं पुण्यात. पुढे 15 ऑगस्ट 2018 ते 15 मे 2020 एमएससाठी अमेरिकेत, मधल्या हिवाळी सुट्टीत 25 दिवस घरी. मग परत पुण्यात नोकरी आणि भारतीय मुलीशी लग्न.

लहानपणची 4 वर्षं आणि एमएसचे 21 महिने मिळून एकूण 5 वर्षं सहज भरतात. पण 14 व्या वर्षानंतरचे फक्त 21 महिने आहेत, त्यातून 25 दिवस वजा. चोवीस महिने भरायला जवळजवळ चार महिने कमी. बाळ अमेरिकन नाही. याने जन्माआधी ते चार महिने अमेरिकेत काढले असते तर बाळ अमेरिकन ठरलं असतं. जन्मानंतर हा हिशोब दुरुस्त होत नाही.

> सावध: नागरिकत्वाची शपथ बाळाच्या जन्मानंतर घेतली असेल, तर ते बाळ जन्मतः अमेरिकन नाही, मग शपथ आठच दिवस उशिरा झालेली का असेना. ग्रीन कार्डधारक म्हणजे नागरिक नव्हे, हे तर सांगायलाच नको. तरीही दर वेळी कोणीतरी सीआरबीएचा (अमेरिकन नागरिकाच्या परदेशातल्या जन्माच्या नोंदीचा) अर्ज भरतंच. ग्रीन कार्डधारक आई तात्पुरती भारतात आलेली असताना बाळ झालं, तर ते दोन वर्षांच्या आत, पालकाच्या पहिल्याच परतीच्या प्रवासात, व्हिसाशिवाय स्थायी रहिवासी म्हणून आत घेतलं जाऊ शकतं. पण तो रस्ता वेगळा. त्यात नागरिकत्व मिळत नाही.

हिशोबात बसत नसाल तर: दोन मार्ग उरतात. बाळाचे आजी किंवा आजोबा अमेरिकन नागरिक असतील आणि त्यांचे 5 व 2 वर्षांचे दिवस भरत असतील, तर एन-600के अर्ज. त्यासाठी मूल 18 चं होण्याआधी तात्पुरत्या व्हिसावर अमेरिकेत जाऊन प्रक्रिया पुरी करावी लागते. दुसरा मार्ग आय-130 (नातेवाइकाला नेण्याचा अर्ज) भरून मुलाला स्थलांतरित व्हिसावर नेण्याचा. 18 वर्षांखालचं मूल ग्रीन कार्डवर अमेरिकेत गेलं आणि तिथे नागरिक पालकाच्या ताब्यात राहू लागलं की ते आपोआप नागरिक होतं.

## 2. अमेरिकेत राहिल्याचे पुरावे: बाळंतपणाआधी गोळा करा

एका कागदावर तक्ता आखा: या तारखेपासून या तारखेपर्यंत, कोणत्या शहरात, काय करत होतो, पुरावा कोणता. अर्जात हेच भरायचं आहे, आणि ‘2009 ते 2016 अमेरिकेत’ एवढं मोघम उत्तर चालत नाही. भारतवाऱ्यांच्या तारखा वेगळ्या लिहा.

चांगले पुरावे:

- कॉलेज किंवा शाळेचं सत्रवार ट्रान्सक्रिप्ट. नुसती पदवी नको. पदवीवर राहिल्याचे महिने दिसत नाहीत.
- नोकरीच्या तारखा आणि कामाचं ठिकाण लिहिलेलं कंपनीचं पत्र, जोडीला त्या वर्षांचे डब्ल्यू-2 (पगार आणि कापलेल्या कराचे वार्षिक दाखले).
- सगळे जुने पासपोर्ट. भारतीय पासपोर्ट रद्द होऊन परत मिळालेला असतो, त्यावरचे शिक्के इथे सोन्याचे. तो आजोळच्या कपाटात असेल तर आताच शोधा.
- अमेरिकी सीमा खात्याच्या संकेतस्थळावरून मिळणारा आय-94 प्रवास इतिहास.
- लहानपणचा काळ दाखवायचा असेल तर लसीकरणाची नोंद, बालवाडी-शाळेची पत्रं.

ड्रायव्हिंग लायसन्स, घराचं खरेदीखत, क्रेडिट कार्ड यांनी तुम्ही तिथे शरीराने हजर होता हे सिद्ध होत नाही. कर विवरणपत्रही एकटं कमीच पडतं. पुण्यात बसून अमेरिकेचा कर भरणारे कमी नाहीत.

> तपासा: तक्त्यात सहा महिन्यांहून मोठा, पुराव्याविना राहिलेला तुकडा आहे का? तो वगळूनही 5 आणि 2 भरत असतील तर सोडून द्या. नसतील तर आताच विद्यापीठाला मेल टाका. ट्रान्सक्रिप्ट यायला वेळ लागतो.

## 3. जन्मदाखला: सगळ्यात जास्त चुका इथे

कायद्याने जन्माची नोंद 21 दिवसांत व्हायला हवी. हॉस्पिटलमध्ये जन्म झाला की माहिती तिथूनच महापालिकेकडे किंवा नगरपालिकेकडे जाते. तुमचं काम एवढंच, की जाणारी माहिती बरोबर आहे ना ते बघायचं. ते मात्र डिस्चार्जच्या धावपळीत कोणी करत नाही.

आईचं नाव. हॉस्पिटलची फाइल नोंदणीच्या दिवशी जे सांगितलं त्या नावाने उघडते. काउंटरवर सासूबाई सासरचं नाव सांगतात, पासपोर्टवर मात्र माहेरचं असतं. दाखल्यावर आईचं नाव पासपोर्टप्रमाणेच हवं, आणि मागे ‘सौ.’ नको. लग्नानंतर नाव बदललं असेल तर बदलाचा पुरावा बरोबर ठेवा.

वडिलांचं नाव. नागरिक होताना अनेकांनी मधलं नाव गाळलेलं किंवा आडनावाचं स्पेलिंग बदललेलं असतं. दाखल्यावर आजच्या अमेरिकन पासपोर्टवरचं नाव घाला, दहावीच्या मार्कशीटवरचं नको.

बाळाचं नाव. बारसं बाराव्या दिवशी, हॉस्पिटलचा फॉर्म मात्र दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. मग नावाची जागा कोरी राहते. नुसत्या ‘बेबी ऑफ’ दाखल्यावर पुढचं काहीच सरकत नाही. नाव नोंद करता येतं, नोंदणीपासून एक वर्षापर्यंत शुल्काविना. पण त्यासाठी पुन्हा वॉर्ड ऑफिसची फेरी आहे. आत्याला बारशाला थाटात नाव ठेवू दे. तुम्ही मात्र ते आधी ठरवून फॉर्मवर लिहा. पत्रिकेतलं रास-नाव फॉर्मवर येऊ देऊ नका.

महाराष्ट्रातल्या पद्धतीने स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं तीन भागांत लिहिणार असाल, तर तेच सीआरबीएवर, पासपोर्टवर आणि ओसीआयवर येणार. मधलं नाव नको असेल तर दाखल्यावरच नको.

दाखला मराठी-इंग्रजी दोन्हींत असतो. इंग्रजीतलं प्रत्येक अक्षर पासपोर्ट शेजारी ठेवून जुळवा. मूळ दाखल्याच्या तीन-चार प्रती काढून ठेवा.

> सावध: तारखेची उलटापालट. दाखल्यावर 05/08 म्हणजे 5 ऑगस्ट, अमेरिकन फॉर्मवर तेच 8 मे वाचलं जातं. फॉर्म भरताना महिना आधी.

हॉस्पिटलचं डिस्चार्ज कार्ड, गरोदरपणातले सोनोग्राफी रिपोर्ट आणि तपासणीच्या नोंदी टाकू नका. मूल तुमचंच आहे याचा पुरावा मागितला, तर हेच दाखवायचं असतं. आयव्हीएफ असेल तर क्लिनिकची कागदपत्रंही. डीएनए चाचणी कॉन्सुलेटने सुचवल्याशिवाय स्वतःहून करू नका. ती ठरावीक प्रयोगशाळेतून, ठरावीक पद्धतीनेच ग्राह्य धरतात.

लग्नाचं प्रमाणपत्रही आत्ताच काढा. पत्रिका, फोटो आणि कार्यालयाची पावती म्हणजे विवाह नोंदणी नव्हे.

## 4. भारताच्या बाजूचा निर्णय: अमेरिकन पासपोर्टच्या आधी

3 डिसेंबर 2004 पासून भारतात जन्मलेल्या मुलाला जन्माने भारतीय नागरिकत्व मिळतं ते दोन्ही पालक भारतीय असतील, किंवा एक भारतीय आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसेल तर. यातून दोन अगदी वेगळ्या परिस्थिती निघतात.

दोन्ही पालक अमेरिकन, ओसीआय असले तरी: बाळ भारतात जन्मूनही भारतीय नाही. भारतीय पासपोर्टचा प्रश्नच येत नाही. थेट पाचव्या टप्प्यावर जा.

एक पालक भारतीय: बाळ जन्मापासून दोन्ही देशांचं. पण दोन पासपोर्ट बाळगता येत नाहीत. 2009 च्या नागरिकत्व नियमांनुसार दुसऱ्या देशाचा पासपोर्ट काढणं हा परदेशी नागरिकत्व स्वीकारल्याचा पुरावा धरला जातो. निर्णय इथे घ्यावा लागतो.

कुटुंब अमेरिकेत राहणार असेल तर विचार करायला फारसं काही नाही. अमेरिकन नागरिकाने अमेरिकेत अमेरिकन पासपोर्टवरच शिरायचं असतं, आणि अमेरिकन बाळाच्या भारतीय पासपोर्टवर टुरिस्ट व्हिसा मिळत नाही. ‘आधी भारतीय पासपोर्टवर व्हिसा काढून नेऊ, बाकी तिकडे बघू’ हा बेत इथेच संपतो. भारतीय पासपोर्ट काढूच नका. काढलाच असेल, तर अमेरिकन पासपोर्ट आल्यावर तो परत करून सरेंडर सर्टिफिकेट घ्यावं लागतं. त्याशिवाय ओसीआय अडतं.

कुटुंब भारतातच राहणार असेल तर घाई करू नका. जन्मतः मिळालेलं अमेरिकन नागरिकत्व अर्ज न केल्याने जात नाही. सीआरबीए मात्र मूल 18 चं होण्याआधीच मिळतं. पुढे प्रवेश, परीक्षा, सरकारी नोकरी यांसाठी भारतीय नागरिकत्व हवं असेल, तर नागरिकत्व कायदा जाणणाऱ्या वकिलाशी बोलून मगच अमेरिकन पासपोर्टला हात घाला.

## 5. सीआरबीएचा ऑनलाइन अर्ज

सीआरबीए म्हणजे अमेरिकन नागरिकाच्या परदेशातल्या जन्माची नोंद. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी मुंबईचं कॉन्सुलेट, वांद्रे-कुर्ला संकुलात.

1. अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या संकेतस्थळावर खातं उघडा. खातं अमेरिकन पालकाच्या नावाने असलेलं बरं.
2. अर्ज भरा. दुसऱ्या टप्प्यातला तक्ता इथे जसाच्या तसा उतरतो.
3. कागद स्कॅन करून चढवा: जन्मदाखला, विवाह प्रमाणपत्र, आधीची लग्नं झाली असतील तर घटस्फोटाचे हुकूमनामे, दोघांचे पासपोर्ट, वास्तव्याचे पुरावे. मोबाइलने काढलेले तिरके, सावली पडलेले फोटो नकोत.
4. शुल्क 100 डॉलर, ऑनलाइन. अर्ज नाकारला तरी ते परत मिळत नाही, म्हणून पहिला टप्पा पक्का झाल्याशिवाय भरू नका.
5. पैसे भरल्याची नोंद झाल्यावर मुलाखतीची वेळ घ्या.

पासपोर्टचा अर्ज वेगळा: डीएस-11. सोळा वर्षांखालच्या मुलाला 135 डॉलर. फॉर्म भरा, छापा, सही करू नका. ती अधिकाऱ्यासमोर करायची असते. घरून सही करून नेली की फॉर्म पुन्हा भरा.

फोटो 2 बाय 2 इंच, पांढरी पार्श्वभूमी. तान्ह्या बाळाला पांढऱ्या चादरीवर झोपवून वरून काढा. आधाराला धरलेला हात, तीट किंवा काजळाची रेघ फोटोत नको.

## 6. मुलाखतीचा दिवस

बाळ हजर हवंच, वीस दिवसांचं असलं तरी. पासपोर्टसाठी दोन्ही पालकांची संमती लागते, म्हणून दोघांनी जाणं सगळ्यात सोपं.

बाबा अमेरिकेत परतले आणि येऊ शकत नाहीत? मग दोन कागद तिकडून यायला हवेत. एक डीएस-3053, नोटरी केलेलं पासपोर्टचं संमतीपत्र, सोबत त्यांच्या ओळखपत्राच्या दोन्ही बाजूंची प्रत. नोटरीपासून तीन महिन्यांच्या आत ते वापरावं लागतं. दुसरा डीएस-5507, गैरहजर अमेरिकन पालकाचं पालकत्व आणि वास्तव्याबद्दलचं शपथपत्र. लोक पहिला आणतात, दुसरा विसरतात, आणि बाळाला घेऊन पुण्याहून पुन्हा चार तासांचा प्रवास.

प्रत्येक कागद मूळ आणि एक साधी प्रत. स्कॅन चढवला होता म्हणून मूळ घरी ठेवलं, असं होऊ देऊ नका. फोन आणि मोठ्या बॅगा आत नेता येत नाहीत, तेव्हा पुरावे फोनमध्ये ठेवून उपयोग नाही.

अधिकारी तारखा विचारतील. तक्त्याची प्रत हातात ठेवा आणि आठवत नसेल तर अंदाज ठोकू नका. ‘कागद बघून सांगतो’ म्हटलेलं चालतं. आणखी पुरावे मागितले तर तो नकार नसतो. मागितलेलं नेमकं तेवढंच पाठवा.

> तपासा: सीआरबीए आणि पासपोर्ट हातात आल्यावर नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ तिथल्या तिथे वाचा. चूक त्याच आठवड्यात कळवलेली बरी.

पासपोर्ट अमेरिकेत छापून येतो. हिशोबात तीन-चार आठवडे धरा आणि तिकीट त्यानंतरचं काढा, तेही बदलता येणारं. सीआरबीए हा प्रवासाचा कागद नाही. त्यावर विमानात बसता येत नाही.

## 7. भारतातून बाहेर पडण्याची परवानगी

हा टप्पा सर्वाधिक विसरला जातो. बाळाच्या नव्या कोऱ्या अमेरिकन पासपोर्टवर भारताचा व्हिसा नाही, कारण ते भारतात ‘आलेलंच’ नाही. पण इमिग्रेशनच्या दृष्टीने ते व्हिसा नसलेलं परदेशी माणूस. परवानगीशिवाय सोडत नाहीत.

ई-एफआरआरओच्या (परदेशी लोकांची नोंद ठेवणाऱ्या भारतीय कार्यालयाच्या) संकेतस्थळावर बाळासाठी व्हिसा किंवा एक्झिट परमिटचा अर्ज करायचा. लगेच अमेरिकेला जायचं असेल तर एक्झिट परमिट, भारतात काही काळ राहायचं असेल तर व्हिसा. लागतं ते असं: बाळाचा पासपोर्ट, जन्मदाखला, दोन्ही पालकांचे पासपोर्ट आणि व्हिसा किंवा ओसीआय, राहत्या पत्त्याचा पुरावा, कारण सांगणारं साधं पत्र आणि असेल तर तिकीट.

परदेशी पालकाच्या इथल्या राहण्याची नोंद आणि अर्जातला पत्ता जुळला पाहिजे. घरमालकाचा भाडेकरार एका पत्त्याचा आणि अर्ज आजोळच्या पत्त्यावरून, असं झालं की प्रश्न येतात. मंजुरी ईमेलने येते. तिच्या दोन छापील प्रती बाळाच्या पासपोर्टात ठेवा.

> सावध: पासपोर्ट शुक्रवारी हातात, विमान रविवारी, असं गणित मांडू नका.

## 8. ओसीआय आणि त्यानंतर

ओसीआयचा अर्ज अमेरिकन पासपोर्ट आल्यानंतरच. अमेरिकेत परतून केला तर शुल्क 275 डॉलर, भारतात 15,000 रुपये. अमेरिकेत झालेल्या लग्नाचं प्रमाणपत्र भारतीय कार्यालयात द्यायचं असेल तर आधी त्यावर अपोस्टिल (कागद खरा असल्याचं सरकारी प्रमाणन) करून घ्या. लहान मुलाच्या अर्जावर सहीच्या चौकटीत डाव्या अंगठ्याचा ठसा लागतो, आणि तान्ह्या बाळाचा ठसा चौकटीच्या आत उमटवणं हे दोन माणसांचं काम आहे. बाळ झोपलेलं असताना घ्या, शाई कमी लावा.

मुलाचा अमेरिकन पासपोर्ट पाचच वर्षं चालतो. दर नव्या पासपोर्टला ओसीआय कार्ड नव्याने काढायची गरज नाही. विसाव्या वर्षापर्यंत नवा पासपोर्ट आणि फोटो तीन महिन्यांच्या आत ओसीआयच्या संकेतस्थळावर चढवायचा. सोशल सिक्युरिटी क्रमांकाचा अर्जही सीआरबीए मिळाल्यावर लगेच करून टाका. करसवलत घेताना तो लागतो.

दुसऱ्या टप्प्यातला तक्ता फाडू नका. त्याच फाइलमध्ये बाळाच्या नावाने नवा तक्ता सुरू करा, अमेरिकेत शिरल्याच्या पहिल्या तारखेपासून. शाळेची प्रगतिपुस्तकं आणि जुने पासपोर्ट त्यातच ठेवा. हे मूल पुढे पुण्यात येऊन राहिलं आणि त्याला इथे मूल झालं, तर 5 आणि 2 वर्षांचा हिशोब त्याच्यापासून सुरू होणार आहे.